एकास हजार

शुक्रवारी पुण्याहून निघालेला खोका
सोमवारी दुपारी होटगी रस्त्यावरच्या गोदामातून
मी स्वतः उचलून आणला. बेचाळीस अंश.
थर्माकोलच्या आत बर्फाचं पाणी,
पाणीही कोमट.
त्यात करंगळीच्या पेराएवढी कुपी:
शंभर मायक्रोलिटर, सशाच्या रक्तातून काढलेलं
माणसातलं एकच प्रथिन ओळखणारं प्रतिपिंड.
किंमत घरी सांगितलेली नाही.
आईच्या हिशेबात ती होते
दीड लाख विड्या.

ज्याला हे ओळखतं, ते प्रथिन
तसं काहीच करत नाही.
कापत नाही, जाळत नाही, घडवत नाही.
एका हाताने याला धरतं, दुसऱ्याने त्याला,
पेशीच्या वेशीवर आलेला निरोप
आत पोचेपर्यंत मध्ये उभं राहतं.
मुलाखतीत विचारलं होतं, हेच का निवडलंत?
मी इंग्रजीत काहीतरी बोलले.

खरं उत्तर पूर्व भागात राहतं,
पत्र्याच्या दोन खोल्यांत. बालमणी आत्या.
चव्वेचाळीस वर्षं तिनं बीम सांधले.
सरत्या ताण्याचं शेवटचं टोक, नव्याचं पहिलं,
चिमूटभर राख, अंगठा, पीळ. पुढचं.
एका बैठकीत अडीच हजार टोकं.
फणीतून न अडकता गेली तर गाठ चांगली,
एवढंच तिचं शास्त्र.
रंगवणारा वेगळा, विणणारा वेगळा,
चादरीवर शिक्का कारखान्याचा,
आणि गाठी आलेला तेवढा पट्टा
कापून चिंध्यांत टाकायचा.

सुट्टीच्या दिवशी सिव्हिलमध्ये,
कुणाचं ना कुणाचं बोट धरून.
तेलुगूतली कळ मराठीत नेऊन ठेवायची,
मराठीतली गोळी तेलुगूत आणायची,
एकदा तर अक्कलकोटच्या एका नीलव्वाची
कानडी धाप. डॉक्टरांना वाटायचं
ही इथलीच कुणी नोकर.

मग एका बुधवारी डॉक्टर म्हणाले, गाठ आहे,
आणि सवयीनं ती मागे वळली
सांगायला.
मागे कुणी नव्हतं.

मला हे तिनंच सांगितलं, हसत,
शेंगा सोलता सोलता.
मला सांगतायत, म्हणाली, गाठ.

रात्री मी पडद्याला दूध पाजलं,
साय काढलेल्या भुकटीचं, पाच टक्के,
म्हणजे प्रतिपिंड भलत्या जागी चिकटत नाही.
मग कुपीतले दहा थेंब, थेंबही नव्हेत,
थेंबाचा भास, दहा मिलिलिटरमध्ये.
एकास हजार. डबी डोलत राहिली
चार अंशांत. दोन वाजता वीज गेली.
मी फ्रीजच्या दाराला पाठ लावून बसले,
जणू माझ्या पाठीनं आतला गारवा अडणार होता.
बाहेर लिंबाखाली रखवालदार इरण्णा
ओली चादर पांघरून झोपलेला.
चार वाजता आली.

सकाळी तीन धुण्या. दुसरं प्रतिपिंड,
पहिल्याला धरणारं. पुन्हा तीन धुण्या.
अंधाऱ्या खोलीत फिल्म.
पंचवीसच्या खुणेशी रेघ होती.
पुसट. आणि वर, पन्नासच्या जवळ,
आणखी एक,
जिला तिथे काही काम नव्हतं.
सर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
गरम झालेलं दिसतंय, किंवा कुपीच तशी आली.
पुन्हा लाव.
नव्वद मायक्रोलिटर उरलंय.

संध्याकाळी आत्याचा फोन.
डोक्याला रुमाल बांधलेला असतो हल्ली,
आवाजाला पण बांधल्यासारखा वाटतो.
सापडलं का गं तुझं ते, मधलं?
पुसट, म्हटलं. आहे की नाही कळेना.
त्यात काय, म्हणाली,
नजरेला दिसेना झालं की मी अंगठा फिरवायची.

फोन ठेवून मी फिल्म दिव्यासमोर धरली,
हातमोज्यातूनच
अंगठा फिरवला.
गुळगुळीत.